चर्चच्या मामांना कौतुकाचं पत्र आणि दोन शिफारसपत्रं लिहायचीत, कशी लिहू?

नवा सेक्रेटरी

सगळ्यांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका छोट्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, मी सेक्रेटरी, म्हणजे नुकताच झालोय, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूक झाली तेव्हा कोणीच तयार होईना आणि मी त्या दिवशी गैरहजर होतो म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी वायरमन माणूस, शाळा सुटल्यापासून कोणाला पत्र म्हणून लिहिलेलं नाही, आणि आता एकदम तीन पत्रं लिहायची आलीत. पाळकसाहेब म्हणतात तू कच्चं करून आण मी सही करतो, त्यांच्याकडे आणखी चार गावं आहेत त्यामुळे त्यांनाही दोष देत नाही.

पहिलं पत्र आमच्या चर्चच्या मामांसाठी. घंटा, झाडलोट, बाकं पुसणं, कबरस्तानाची चावी, लग्न असो की माती असो सगळीकडे मामा, 31 वर्षं झाली, आता गुडघ्यामुळे सोडतायत. कमिटीनं ठरवलंय की कापणीच्या सणाला शाल आणि फ्रेम केलेलं मानपत्र द्यायचं.

दुसरं एका मुलीसाठी. बारावी सायन्स झालीय, एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजला फॉर्म भरलाय, तिथं मंडळीच्या पाळकांचं शिफारसपत्र मागितलंय. मुलगी चांगली आहे, लहानपणापासून बघतोय.

तिसरं अवघड आहे. एका पोराला सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायचं शिक्षण देतात तिथं, जायचंय, त्याला मंडळीचं शिफारसपत्र पाहिजे. आता खरं सांगायचं तर पोरगा नाताळ, गुड फ्रायडे आणि कोणाचं लग्न असलं तर दिसतो. त्याचे वडील आमच्या कमिटीत आहेत. ते मला चहाला घेऊन गेले आणि म्हणाले, अरे लिही की चार ओळी, तुझ्या खिशातून काय जातंय. तेव्हापासून झोप नाही.

कपाटात जुनी फाईल सापडली, त्यात 1970 ला नागपुरात वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्याच्याही आधीची पत्रं आहेत, बदलीपत्रं, दाखले, पण सगळ्यांची भाषा एकच, नाव तेवढं वेगळं. मामांसाठी त्यातलंच बघून हे केलंय, कसं वाटतं सांगा:

«ख्रिस्तात प्रिय मामा, आपण मंडळीच्या सेवेत गेली 31 वर्षे अविरत, निःस्वार्थ व अमूल्य असे योगदान दिले. आपले कार्य मंडळीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिले जाईल. आपण सर्वांसाठी दीपस्तंभ आहात. आपणांस दीर्घायुष्य लाभो ही प्रभुचरणी प्रार्थना.»

---

वसईची मावशी

बाळा, राग मानू नकोस, पण यातून मामा काढ आणि आमच्या इथल्या नगरसेवकाचं नाव घाल, पत्र तसंच चालेल की नाही बघ. चालतंय ना? मग ते मामांचं पत्र नाही झालं.

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे फादर आणि पॅरिश कौन्सिल, पण माणसं तीच. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, एक टीचर 25 वर्षं मुलांना धर्मशिक्षण देत होत्या, रविवारी मिस्सा झाल्यावर एक तास, एक पैसा न घेता. त्यांचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पण आधी तुझ्यासारखंच दीपस्तंभ वगैरे लिहिलेलं, मग माझ्याच मुलानं वाचलं आणि म्हणाला, आई यात टीचर कुठेयत? मग काय केलं, त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांना, म्हणजे आता बाप झालेल्या मुलांना, व्हॉट्सअपवर विचारलं की टीचरची एक गोष्ट सांगा, एकच. सतरा जणांनी पाठवल्या. कोणी लिहिलं की पहिल्या कम्युनियनला माझ्याकडे पांढरे बूट नव्हते, टीचरनी स्वतःच्या भाच्याचे आणून दिले आणि कोणाला कळू दिलं नाही. एकानं लिहिलं की मी सारखा उशिरा यायचो, टीचर कधी ओरडल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी माझ्यासाठी परत पहिल्यापासून सुरू करायच्या आणि बाकीची पोरं माझ्यावर चिडायची, म्हणून मी वेळेवर यायला लागलो. पत्रात मी तीनच घेतल्या, उरलेल्या चौदा कागदावर उतरवून पाकिटात घालून दिल्या. फ्रेम कुठे लावलीय माहीत नाही, पाकीट मात्र त्यांच्या प्रेयरबुकात असतं.

तर तू आधी मंडळीत फिर. आणि हो, मामांची बायको? 31 वर्षं मामा एकटेच झाडत होते का? आमच्याकडे नवरा सेवक म्हणून लागतो आणि वेदीवरची कापडं धुते बायको, फुकट. तिचं नाव पत्रात आलं पाहिजे, नुसतं सहकुटुंब सहपरिवार नको.

एवढ्या वर्षांच्या सेवेला आमच्यात रोमहून पोपसाहेबांचं बेनेमेरेंती नावाचं पदकसुद्धा मिळतं कोणाकोणाला, बिशपांमार्फत नाव जातं. पण ते शेकड्यात एखाद्याला. बाकीच्यांना तुझ्यामाझ्यासारख्याच्या हातचं पत्रच मिळणार.

आणि छोटं लिही. उपासनेच्या शेवटी वाचणार असशील तर लोकांचं अर्धं लक्ष घरच्या मटणावर असतं.

---

रोखठोक

प्रेज द लॉर्ड. मला एक कळत नाही, शिफारसपत्र हा प्रकार मंडळीत पाहिजेच कशाला? बायबलमध्ये प्रेषित पौलानंच करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय ना, दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, की आम्हाला काय शिफारसपत्रं लागतात का, तुम्हीच आमचं पत्र. मग आपण का हे सरकारी कारभार करत बसलोय.

आणि मामांबद्दल एक विचारू? 31 वर्षांत मामांचा पगार किती वेळा वाढवला? फ्रेम भिंतीला टांगता येते, तिच्यावर भाकरी भाजत नाही. आमच्या मंडळीत असंच एका सेवकाला मानपत्र दिलं, शाल दिली, फोटो काढले, आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस औषधाला पैसे मागायला कमिटीपुढे उभा, तेव्हा कमिटी म्हणते तशी तरतूद नाही.

---

रिटायर्ड पाळक

सर्वांना सलाम. रोखठोक बंधू, पगाराचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के बरोबर, सेक्रेटरींनी तो विषय कमिटीत काढावाच, पत्राच्या आधी काढावा.

पण पौलाचं अर्धंच सांगितलंत. करिंथात काही लोक दुसऱ्यांची पत्रं मिरवत आले होते आणि पौलालाच विचारत होते की तुझं कुठंय, म्हणून तो तसं टोचून बोलला. हाच पौल रोमकरांच्या पत्रात सोळाव्या अध्यायाला काय करतो? पहिल्याच ओळीत फिबीची शिफारस. नीट वाचा, मोठी शिकण्यासारखी शिफारस आहे. ती कोण, तर आपली बहीण, किंख्रियाच्या मंडळीची सेविका. तिनं काय केलं, तर पुष्कळांना मदत केली, मलासुद्धा. तुम्ही काय करा, तर तिचं स्वागत करा आणि तिला लागेल ती मदत करा. झालं, दोन वचनं. पत्र घेऊन रोमला गेली ती फिबीच असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे विचार करा, ओळखदेख नसलेल्या शहरात एका बाईच्या हातात तो कागद. बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांत अठराव्या अध्यायात अपुल्लोस नावाचा उपदेशक अखया प्रांताला निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनीही तिकडच्या शिष्यांना लिहून दिलं की याला घ्या. त्या काळी प्रवासात खोटे प्रेषितही फिरत, मग दार उघडायचं कोणाला हे कसं कळणार?

आपल्याकडे तर याला अजून चिठ्ठीच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 ला, तेव्हापासून बोर्डिंगमध्ये जागा पाहिजे, दवाखान्यात काम पाहिजे, मास्तरकी पाहिजे, तर साहेबाची चिठ्ठी. माझे आजोबा चिठ्ठी घेऊन तीस मैल चालत बोर्डिंगला आले होते असं घरात सांगायचे. ती चिठ्ठी खरी होती म्हणून मी शिकलो. आणि त्याच चिठ्ठ्यांनी पुढं वशिल्याची सवयही लावली, हेही खरंय. पाळक आपला, मग पत्र मिळणारच, असं लोक धरूनच चालतात.

आता सेमिनरीच्या पोराबद्दल. सेक्रेटरीसाहेब, ते पत्र तुम्ही मुळात लिहूच नका, म्हणजे तुमच्या नावानं. बहुतेक सेमिनऱ्या पाळकांकडून गोपनीय फॉर्म भरून मागतात, पाकीट बंद करून, तोंडावर सही करून, परस्पर पाठवायचा. त्यात सरळ प्रश्न असतात, किती वर्षं ओळखता, मंडळीत काय सेवा केली, घरची परिस्थिती, स्वभाव कसा. मी चाळीस वर्षांत असे बरेच भरले. एकदा खोटं भरलं. म्हणजे खोटं नव्हे, गुळगुळीत. पोराचे वडील गेलेले, आई रडत होती, मी लिहिलं की याला सेवेची आवड आहे. दीड वर्षात तो परत आला, आणि नुसता परत नाही आला, विश्वासावरचा त्याचा विश्वासच उडाला, आजतागायत चर्चची पायरी चढला नाही. आईनं मला कधी शब्दानं दोष दिला नाही. द्यायला पाहिजे होता.

म्हणून सांगतो, पोराशी बोला. बापाशी नाही, पोराशी. त्याला विचारा तुला का जायचंय. खरंच जायचं असेल तर म्हणा, ये, सहा महिने संडे स्कूल घे, पाळकांबरोबर दोन गावं फीर, आजाऱ्यांच्या घरी चल, मग पाळक जे डोळ्यांनी बघतील ते लिहितील. त्यानं आधी काही केलं नाही हे लपवायची पण गरज नाही. पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा, अख्खं एका पळून आलेल्या दासाच्या शिफारशीचं पत्र आहे. पौल म्हणतो का की अनेसिम पहिल्यापासून फार गुणी? उलट म्हणतो, पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुलाही उपयोगी आणि मलाही. अनेसिम या नावाचा अर्थच उपयोगी, त्यावर कोटी केलीय म्हाताऱ्यानं. आणि पुढं म्हणतो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. शिफारस करणाऱ्यानं स्वतःचं काहीतरी पणाला लावायचं असतं. वडील म्हणाले तुझ्या खिशातून काय जातंय, त्याचं उत्तर फिलेमोनात आहे, वचन 18.

---

नाईट ड्यूटी

मी नर्सिंगला शिकवते, कुठे ते सांगत नाही, पण दरवर्षी पाळकांच्या पत्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो त्यामुळे दुसऱ्या पत्राबद्दल मीच बोलते.

नव्वद टक्के पत्रं अशी असतात, «सदर मुलगी आमच्या मंडळीची सभासद असून ती नम्र, आज्ञाधारक व देवभीरू आहे, तिचे वडील नियमित दशमांश देतात, तरी तिला प्रवेश द्यावा.» दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला! अहो वॉर्डात पेशंटला दशमांशाचं इंजेक्शन द्यायचंय का. एका वर्षी तर एकाच मंडळीतून तीन मुलींची पत्रं आली, तिन्ही अक्षर न् अक्षर सारखी, आणि तिसरीत दुसरीचं नाव खोडायचं राहिलेलं. त्या बिचारीची काय चूक, पण हसू आलंच.

मला काय बघायचं असतं ते सांगते. आज्ञाधारक मुलगी घरी ठीक आहे, मला रात्री तीन वाजता डॉक्टरांना फोन करून सर हा डोस बरोबर आहे का असं विचारायची हिंमत असलेली मुलगी पाहिजे. आजारी माणसाजवळ ती टिकते का. रक्त, उलटी, घाण बघून मागं सरते का. घर सोडून कधी राहिलीय का, कारण पहिल्या महिन्यात निम्म्या मुली रडून परत जायचं म्हणतात. हे मार्कशीटवर नसतं, सीईटीच्या गुणांत नसतं, हे फक्त तिला लहानपणापासून बघणारा माणूस सांगू शकतो, आणि नेमकं तेच कोणी लिहीत नाही.

तुम्ही म्हणालात मुलगी चांगली आहे. कशावरून? तेवढंच लिहा.

आणखी एक, पाळक किंवा सेक्रेटरी मुलीचे काका मामा असतील तर तसं पत्रातच लिहून टाका. लपवलं आणि मग कळलं तर पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या कोणाच्या तरी पत्रावर पण विश्वास बसत नाही. जावक नंबर, तारीख, शिक्का आणि पाळकांचा चालू मोबाईल नंबर टाका, मी खरंच फोन करते कधीकधी. आणि पत्र कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावे लिहा, «ज्याच्याशी संबंध येईल त्यास» असं मोघम लिहिलं की वाटतं चार झेरॉक्स काढून चार ठिकाणी दिलीय.

---

नवा सेक्रेटरी

बापरे, एवढ्या लोकांनी वेळ काढला, खूप आभार. वाचून आधी लाज वाटली आणि मग डोकं चालायला लागलं.

मुलीचं सांगतो. तिच्या आजीला लकवा मारला होता, दीड वर्ष अंथरुणावर, आई शेतात मजुरीला, तर ही अकरावी बारावी करत आजीची कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर, नळीतून पेज भरवणं, सगळं हीच. मी एकदा त्यांच्या घरात बोर्डाचं काम करायला गेलो होतो, आजीनं अंथरूण खराब केलं, पोरगी काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं उठली, आजीशी गप्पा मारत मारत सगळं साफ केलं आणि परत येऊन फिजिक्सचं पुस्तक उघडलं. मला तेव्हा काम सुचेना. हे लिहू का? घरातली गोष्ट आहे म्हणून विचारतो.

मामांचं पण बघतो. मावशींनी सांगितल्याप्रमाणे फिरायला सुरुवात केलीय. मामींचं नाव खरंच डोक्यात आलं नव्हतं, माझ्याच बायकोनं वाचून मला वर खाली बघितलं.

पगाराचं, रोखठोक भाऊ, तुम्ही फार लागलं असं बोललात. मी जुना हिशोब काढला. सांगायची लाज वाटते, नाही सांगत.

---

नाईट ड्यूटी

हेच लिहा हो! पण आधी मुलीला आणि तिच्या आईला विचारा, आजीच्या आजारपणाचं परक्या माणसांनी वाचलेलं चालेल का. हो म्हणाल्या तर असंच्या असं लिहा, तुम्ही बोर्डाचं काम करायला गेला होता हे पण लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस तिथं होता. फक्त वर नर्सिंगसाठीच जन्मलेली आहे वगैरे चिकटवू नका. ते आम्ही ठरवू.

---

लेस्टरकर

उशिरा आलो, पण माझा अनुभव टाकतो. मी मूळ सोलापूरचा, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला. इथल्या चर्चमध्ये मुलांच्या गटात मदत करायची होती तर इथं नुसतं हो म्हणून चालत नाही, डीबीएस म्हणतात ती पोलिसांकडची नोंद तपासतात आणि वर दोन ओळखीच्या माणसांची पत्रं मागतात. मी मोठ्या अभिमानानं गावाकडच्या पाळकांचं नाव दिलं. त्यांनी काय सुंदर पत्र पाठवलं, माझे आजोबा, माझे वडील, घराण्याची सेवा, शेवटी आशीर्वचन. इथल्या ज्या बाई हे काम बघतात त्यांनी वाचलं, छान म्हणाल्या, आणि परत पाळकसाहेबांना ईमेल पाठवला की यांना तुम्ही किती वर्षं आणि कुठल्या नात्यानं ओळखता, यांना मुलांबरोबर काम करताना स्वतः पाहिलंय का, आणि यांनी मुलांबरोबर काम करू नये असं वाटायला काही कारण आहे का.

शेवटचा प्रश्न वाचून पाळकसाहेब चिडले, मला रात्री फोन, असलं काय विचारतात, आपण चांगल्या घरातले. मला पण पहिल्यांदा अपमान वाटला. पण नंतर वाटलं, आपण मंडळीत घर बघून पत्र देतो, माणूस बघून नाही. संडे स्कूलला कोणाला ठेवताना आपण कधी हा प्रश्न विचारलाय? चांगल्या घरातला आहे एवढं पुरतं आपल्याला.

शेवटी त्यांनी दुसरं पाठवलं, चार ओळींचं. त्यात होतं की 2009 ते 2014 हा आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे संडे स्कूलला, शिकवायचा, मी दर रविवारी शेजारच्या वर्गात असायचो, मुलांशी कधी आवाज चढवला नाही, गाणी मात्र बेसूर शिकवायचा. त्या बेसूरवर सगळे इथं खूश.

---

वसईची मावशी

लेस्टरकर, बेसूर लिहिणारे पाळक जपून ठेवा. असा एक खरा दोष आला की बाकीचं सगळं खरं वाटायला लागतं.

---

रोखठोक

सेक्रेटरी, हिशोबाचं मी जरा जास्तच बोललो असेन. पण कमिटीत काढलंत का?

---

नवा सेक्रेटरी

हो. काढलं. अडीच तास मिटिंग चालली. पगाराचा मागचा हिशोब काही भरून निघणार नाही, पण मामा मामींना जिवंत असेपर्यंत दरमहा काहीतरी द्यायचं हे ठरावात आलंय, आकड्यावरून अजून भांडण आहे. आणि घराघरातून जमवून एक थैली द्यायचीय. शाल आहेच.

सेमिनरीचं. पोराला एकट्याला गाठलं, त्याच्या गाडीचा हेडलाईट दुरुस्त करताना. विचारलं तुला का जायचंय. बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, काका, घरात कोणी विचारलंच नाही मला असं. पाळकांशी बोलायला तयार झालाय. काय ठरेल माहीत नाही, मी पत्र नाही दिलं एवढं खरं. त्याचे वडील माझ्याशी बोलत नाहीत. रविवारी अर्पण मोजायला आम्ही दोघंच असतो, ते नाणी मोजतात, मी नोटा, आकडा कागदावर लिहून माझ्याकडे सरकवतात. हे कधी सुटेल कोणास ठाऊक.

मुलीच्या आईनं हो म्हटलं. आजीचं मी पाहिलं ते जसंच्या तसं लिहिलं, पाळकसाहेबांनी वाचलं, एक शब्द न बदलता सही केली, खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली की आजीच्या मातीच्या दिवशी हिनं मला सांगितलं की मला नर्स व्हायचंय, मी विचारलं नव्हतं.

मामांचं नवीन पत्र टाकतो. मोठं झालंय का सांगा.

«मामा आणि मामी, सलाम.

आपण 31 वर्षे आमच्या चर्चची घंटा वाजवली. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी घड्याळ नव्हते तेव्हा आम्ही तुमच्या पहिल्या घंटेला उठायचो आणि दुसऱ्या घंटेला पळायचो.

भर पावसात एका रात्री एक बाळ गेले, आईबाप परगावचे, इथे कोणी ओळखीचे नव्हते. मामांनी कंदील धरून एकट्याने कबर खणली आणि मामींनी आपले धुतलेले लुगडे दिले. त्या आईबापाचे नाव आज कोणाला आठवत नाही, पण ती जागा मामा दर वर्षी साफ करतात.

वेदीवरचे कापड या सर्व वर्षांत मामींनी धुतले. त्याचा हिशोब मंडळीच्या कुठल्याही वहीत नाही.

2020 साली टाळेबंदीत चर्चला कुलूप होते. 12 एप्रिलला ईस्टर होता. कबरस्तानातली पहाटेची उपासना होणार नव्हती, तरी पहाटे पाच वाजता मामांनी घंटा वाजवली. आम्ही सगळे घरात होतो आणि सगळ्यांनी ऐकली.

मामांनी आम्हा पोरांना बाकांवर चाकूने नावे कोरताना पकडले की कान पिळत. ती नावे अजून आहेत, कानही आहेत.

तुमची मंडळी.»

---

रिटायर्ड पाळक

मोठं नाही. एकही शब्द काढू नका.

---

वसईची मावशी

लुगड्याची गोष्ट कोणी सांगितली तुला? ते वाचून मी गॅस बंद करून बसले. आता एकच, वाचणार कोण? तू वाच. पाळकांना नको देऊस, त्यांचा आवाज सवयीचा असतो लोकांच्या.

---

नवा सेक्रेटरी

लुगड्याची गोष्ट मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी सांगितली, त्या वर्षी त्या खिडकीतून बघत होत्या म्हणे. मामांनी किंवा मामींनी कधी तोंडातून काढली नाही.

काल झाला कार्यक्रम. वेदीसमोर बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, कोंबड्या पण आल्या होत्या अर्पणाला, लिलावात एक कोंबडा मध्येच सुटला, त्याच गडबडीत मी वाचायला उभा राहिलो. हात कापत होते. मामींचं नाव आलं तेव्हा बायकांच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मामा खाली मान घालून ऐकत होते, मला वाटलं रडतायत.

नंतर फ्रेम हातात घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, «सगळं बरोबर लिहिलंस बाबा, पण एक चुकलं. ईस्टरला पाचला नाय, साडेचारला वाजवली होती. लोकांना आंघोळीला टाइम नको का?»

मी म्हटलं मामा, त्या दिवशी कोणी येणारच नव्हतं की.

म्हणाले, «ते मला काय माहीत.»

आता फ्रेम उघडून वेळ दुरुस्त करायचीय. जावक वहीतली कॉपी पण.